खालच्या माळावरचं गवत

त्या वर्षी कातरणीला बसलेले कातरीआबा पहिल्याच मेंढीला उठले, कातरी जमिनीवर आपटली आणि अंगणभर ऐकू जाईल असं ओरडले, "घ्या! माझ्याआधी झुडपांनीच कातरून ठेवलीय हिला. मग मी कशाला बसलोय इथं, माश्या मारायला?"

मेंढीची अवस्था खरोखर बघवत नव्हती. एका कुशीवर लोकर होती, दुसऱ्या कुशीवर नुसती कातडी दिसत होती, आणि पोटाखाली एक काटेरी डहाळी रुतून बसली होती. बाकीची लोकर माळावर. खालच्या माळावरून चालत गेलं की झुडपाझुडपाला पांढरे पुंजके लटकलेले दिसायचे, आणि ते बघून आबांच्या जिवाची काहिली व्हायची.

त्यांना कातरीआबा का म्हणत, ते सांगायला हवं. लोकर उतरवण्यात त्यांचा हात धरणारा आसपासच्या वस्त्यांवर कोणी नव्हता. मेंढी मांडीखाली घ्यायचे आणि कातरी अशी फिरवायचे, की मेंढीला वाटावं कोणी पाठ खाजवतंय. लोकर एकसंध उतरायची, चादरीसारखी. कुठे भोक नाही, कातडीवर ओरखडा नाही. हे एक कारण. दुसरं कारण त्यांची जीभ. तीही तशीच सपासप चालायची, फक्त तिथे ओरखडे पडायचे.

घरात माणसं तीन. आबा, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा बाजाराच्या गावात वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा, आणि आल्यावर बाप म्हणेल त्याला हो, बायको म्हणेल त्याला हो. दोघं एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलत असली तरी याचं आपलं दोन्हीकडे हो. सून तशी नव्हती. शेळ्या पाळणाऱ्या घरातून आलेली, तोंडाने फटकळ, कामाला वाघ, आणि सासऱ्याला पुरून उरणारी. आबा मनातून तिला मानायचे. पण ते बोलून दाखवलं तर ते आबा कसले!

लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेरच्या दोन शेळ्या बरोबर आणायचं म्हटलं होतं. आबांनी तिथल्या तिथे मोडता घातला. "शेळी माझ्या दारात उभी राहणार नाही," ते म्हणाले. "आगाऊ जात नुसती! हाक मारली तर येत नाही, हाकललं तर जात नाही. छपरावर चढेल, वाळत घातलेले कपडे चघळेल, कोवळा शेंडा दिसला की झाड मारून टाकेल. मेंढी बघ कशी, खाली मान घालून गवत खाते, सांगितलं तिकडे जाते. आम्ही मेंढ्यांची माणसं." सून तेव्हा नवी होती, गप्प बसली. आता ती नवी राहिली नव्हती.

तिने कातरी उचलली, पदराने पुसली आणि आबांच्या हातात दिली. "झुडपांवर डाफरून काय उपयोग आबा? मी काय म्हणते ते एकदा ऐकून तरी घ्या."

"तू काय म्हणणार ते मला तोंडपाठ आहे. मेंढ्या विका, शेळ्या घ्या. दुसरं काही सुचतं का तुला?"

"दुसरं काही उरलंय का?"

उरलं नव्हतं, हेही खरंच. आबा तरुण होते तेव्हा घरापुढे उभं राहिलं की लांबच्या टेकडीपर्यंत नुसतं गवत दिसायचं. झाडं म्हणाल तर कुठे एखादं. कळप कुठे आहे ते बघायला उंबरा ओलांडावा लागत नसे. मग कधीतरी त्या गवतात वीतभर उंचीची काटेरी झुडपं दिसायला लागली. कोणी मनावर घेतलं नाही. मेंढ्या त्यांना तोंड लावत नव्हत्या आणि माणसांनी म्हटलं, चला, सरपणाची सोय झाली. बघता बघता ती कमरेला लागली, मग डोक्यावर गेली. आता कळप चरायला नेला की हाकेच्या अंतरावरची मेंढी दिसायची नाही, गळ्यातल्या घंटेवरून शोधावी लागायची. झुडपांखाली गवत धरत नव्हतं आणि मधल्या मोकळ्या जागेत जे उगवायचं ते कळपाच्या दाताखालीही येत नव्हतं. मेंढ्यांच्या पाठीचे मणके हाताला लागायला लागले होते.

रस्त्याने गाडीतून जाणारे लोक मात्र खूश. थांबायचे, फोटो काढायचे. एकदा एक साहेब पाण्याची बाटली भरून घ्यायला अंगणात आले आणि म्हणाले, "काय छान हिरवंगार झालंय हो तुमच्याकडे! मी लहानपणी आलो होतो तेव्हा सगळं उजाड होतं." आबांनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की साहेबांनी बाटली अर्धीच भरून घेतली. ते गेल्यावरही आबा कितीतरी वेळ पुटपुटत होते, "उजाड म्हणे! गवताला उजाड म्हणतो. डोळे आहेत का बटणं लावलीत?"

आता राहिली पावसाची गोष्ट. हवामान कार्यालयाने त्यांच्या अंगणात पाऊस मोजायचं एक पत्र्याचं भांडं बसवलं होतं. पावसाळ्यात रोज सकाळी त्यातलं पाणी मोजायचं आणि फोनवरून कळवायचं, हे काम सुनेकडे. त्यामुळे पावसावर बोलायचा अधिकार आपल्याला जरा जास्त आहे, असं ती धरून चालायची, आणि आबांना नेमकं तेच खुपायचं.

"पाऊस कमी झालाय का?" कातरी तशीच हातात धरून आबांनी विचारलं. "सांग ना. तूच मोजतेस."

"कमी नाही झाला. वर्षाचा हिशेब केला तर पूर्वीइतकाच पडतो."

"मग झालं तर! पाऊस तेवढाच, जमीन तीच, मग गवत जाईल कुठे? या अवदसांनी जागा अडवलीय म्हणून येत नाही. अवदसा काढल्या की गवत आलंच म्हणून समज."

"तेवढाच पडतो, पण पडतो कसा? पूर्वी थोडा थोडा, सारखा यायचा. आता एकदा कोसळतो आणि तोंड फिरवून बसतो. परत येईपर्यंत गवताचा पार कोळसा होतो." सून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुम्हाला आठवड्याचं जेवण एकाच दिवशी वाढलं आणि बाकीचे दिवस ताट उपडं घातलं तर चालेल का? जेवण तेवढंच हं! एक घास कमी नाही."

"आणि झुडपं? ती कशी जगतात? त्यांना काय तू चोरून वाढतेस?"

"ती खालचं पितात. एकदम कोसळलेलं पाणी खोल जातं. गवताची मुळं वरच्यावर, त्यांना ते पोचत नाही. झुडपांची मुळं पार खाली."

"जमिनीखाली जाऊन बघून आलीस वाटतं," आबा म्हणाले आणि पुढची मेंढी मांडीखाली ओढली. तिची लोकरही अर्धीच होती.

संध्याकाळी जेवताना आबांनी विषय काढला. दिवसभर त्यांच्या डोक्यात तेच घोळत होतं. "खालचा माळ मी साफ करतो," ते म्हणाले. "घरापासून ओढ्यापर्यंत. पावसाच्या आत एकूण एक झुडूप काढतो. पावसात त्यावर गवत आलं, तर मेंढ्या राहतील आणि शेळीचं नाव या घरात परत निघणार नाही. नाही आलं, तर सूनबाई म्हणेल तसं."

"हे बरोबर आहे," मुलगा म्हणाला.

"आणि तोवर मेंढ्या काय खातील? हवा?" सून म्हणाली.

"हो, तेही आहेच," मुलगा म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा घास घशात अडकला. शेवटी पावसापर्यंतचा चारा तो विकत आणील असं ठरलं, आणि ते त्याने बिचाऱ्याने शेवटपर्यंत निभावलं. सुनेने एवढंच विचारलं, "शब्द फिरवणार नाही ना?"

"कातरीआबा म्हणतात मला," आबा म्हणाले. यापेक्षा मोठी शपथ त्यांना ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून कुऱ्हाड चालू झाली. काम सोपं नव्हतं. झुडपात हात घालायची सोयच नाही. आधी टोकाला दोन फाटे असलेल्या दुबेळक्याच्या काठीने फांद्या बाजूला रेटायच्या, मग खाली वाकून नडगीएवढ्या उंचीवर घाव घालायचा. त्याच्याखाली दगड, कुऱ्हाडीची धार बोथट होते. मग पडलेलं झुडूप ओढत नेऊन कडेला रचायचं. मुलाने दुकानातून वेल्डिंगचे चामडी हातमोजे आणून दिले, तर आबा म्हणाले, "मी काय साहेब आहे?" दोन दिवसांत बोटं सुजून केळ्यासारखी झाली तेव्हा साहेब होऊन मुकाट्याने ते घातले.

आठवडा गेला नसेल, तर एका सकाळी मागे खसखस आवाज झाला. आबांनी वळून बघितलं. सून तोडलेली झुडपं दोरीने बांधून ओढत होती.

"पैज माझ्याविरुद्ध लावलीस, आणि काटे ओढायला येतेस?"

"पैज पैजेच्या जागी. तुमची कंबर मोडली तर शेकत कोणाला बसायचंय?" ती म्हणाली आणि दोरीला हिसका दिला. "व्हा बाजूला. मध्ये मध्ये येऊ नका."

उन्हाळाभर दोघं तेच करत होती. भांडणंही चालू होती, कामही चालू होतं. ती त्यांना जास्त खोलवर तोडा म्हणायची, ते तिला कुऱ्हाडीची धार तुझ्या माहेरून आणून दे म्हणायचे. आकाशात ढग यायला लागले तेव्हा खालच्या माळावर एकही झुडूप उभं नव्हतं, आणि घरापुढे उभं राहिलं की ओढ्यापर्यंत सरळ दिसत होतं. आबा एका संध्याकाळी तिथे उभे राहून नुसते बघत होते. किती वर्षांनी त्यांना सगळ्याच्या सगळ्या मेंढ्या एका नजरेत दिसत होत्या. त्यांना रडू आलं. सुनेने ते बघितलं आणि चहा घेऊन येत होती ती आल्या पावली परत गेली.

मग पाऊस आला. असा आला की विचारू नका. दुपारी सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत धो धो. ओढा दुथडी भरला, मेंढ्यांच्या आवाराचं कुंपण एका बाजूने बसलं, आणि सकाळी सुनेने पत्र्याचं भांडं बघितलं तर काठोकाठ. तिने फोनवरून आकडा सांगितला तर पलीकडच्या माणसाने तिला परत मोजायला लावलं.

त्यानंतर चार-सहा दिवसांत माळावर हिरवी लव उठली. आबांनी पहाटेच हाका मारून घर उठवलं. "सूनबाई! ये, बाहेर ये. काय आहे ते? गवत म्हणतात त्याला. तुमच्या शेळीवाल्यांत याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण आमच्यात गवत म्हणतात." पुढचे काही दिवस त्यांना सहन करणं कठीण होतं. जेवताना गवत, झोपताना गवत. पाणी मागतानाही म्हणायचे, "जरा पाणी दे गं, गवत बघून बघून घसा कोरडा पडला." सून तर मनातून हरायला तयार झाली होती. म्हातारा इतका आनंदात होता, की हरलो तर हरलो असं तिला वाटायला लागलं होतं.

पण पाऊस तोंड फिरवून बसला. ऊन तापायला लागलं. दिवसामागून दिवस गेले, भांड्यात थेंब नाही. गवताचे शेंडे आधी पिवळे झाले, मग पांढरट, मग हात लावला की चुरा. आणि त्याच माळावर आबांनी तोडलेली खुंटं फुटायला लागली. एका खुंटाला एकच फुटवा, असं नाही. जिथे एक खोड होतं तिथे मूठभर फुटवे, तांबूस, लुसलुशीत, पाण्याने तट्ट भरलेले. जणू पावसाने यांनाच आवतण दिलं होतं.

आबांनी घरात काही सांगितलं नाही. ते उजाडायच्या आत माळावर जायचे आणि ओणवं होऊन फुटवे अंगठ्याने खुडायचे. एक ओळ खुडून होईपर्यंत कालची ओळ पुन्हा फुटलेली असायची. हातमोज्यांनी कोवळे फुटवे पकडता येत नव्हते म्हणून हातमोजे घरीच राहायचे, आणि घरी आल्यावर आबा हात पाठीमागे धरून बोलायचे. सुनेला कळत नव्हतं असं नाही. त्यांच्या आंघोळीच्या पाण्यात ती गुपचूप मीठ टाकायची. तिने एकदाही विषय काढला नाही, आणि तिने काढला नाही हेच आबांना सगळ्यात जास्त लागलं. फटकळ माणूस गप्प बसायला लागला की समजावं, आपली कीव केली जातेय.

एका सकाळी ते कुदळ आणि फावडं घेऊन गेले. खुडून भागत नाही, तर एक खुंट मुळासकट उपटूनच बघू, म्हणाले. वरची चार बोटं माती पिठासारखी उडत होती. तिच्यात मेलेल्या गवताची मुळं, केसांसारखी, कोरडी ठणठणीत. आबा खणत गेले. गुडघाभर खड्डा झाला तरी मूळ खाली जातच होतं, अंगठ्याएवढं जाड. कमरेपर्यंत झाला तेव्हा मातीचा रंग बदलला. त्यांनी मूठभर माती उचलून दाबली, तर तिचा गोळा झाला. गार, ओला गोळा. वर गवताचा कोळसा होऊन पंधरवडा उलटून गेला होता, आणि इथे खाली त्या रात्रीचा पाऊस जसाच्या तसा बसला होता. मूळ त्याच्यातून आणखी खाली गेलं होतं.

आबांनी तो गोळा हातातच धरून ठेवला. पाऊस तेवढाच आहे, असं ते सगळ्या जगाला ओरडून सांगत होते, आणि ते खोटंही नव्हतं. पाऊस आला होता, तेवढाच आला होता. फक्त तो त्यांच्या मेंढ्यांसाठी आला नव्हता. आणि आपण उन्हाळाभर घाम गाळून एकेका खोडाची मूठभर खोडं करून ठेवली, हेही त्यांना त्या खड्ड्यातच उमजलं. त्यांनी स्वतःला एक कचकचीत शिवी दिली आणि वर आले.

घरी येऊन ते ओल्या मातीचा गोळा ओट्यावर ठेवून म्हणाले, "जमिनीखाली जाऊन बघून आलो."

सुनेने गोळ्याकडे बघितलं, त्यांच्या हातांकडे बघितलं. "आबा, अजून पाऊस पडेल," ती म्हणाली. "मी म्हणत होते, एवढं वर्ष राहू देऊ या. चारा आणू आपण."

"दया दाखवू नकोस. तुला शोभत नाही," आबा म्हणाले. "त्या मेंढीवाल्याला फोन लाव. टेकड्यांच्या पलीकडच्या. तो मागे विचारत होता ना? त्याला म्हणावं, सगळ्या घेणार असशील तर ये. निवडायच्या नाहीत. म्हाताऱ्याही न्यायच्या, लंगडीही न्यायची. आणि मी बरोबर येणार, गवत बघायला. गवत नसेल तर त्याच गाडीतून परत आणणार."

एवढं बोलून ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. सून ओट्यावरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. वर्षानुवर्षं तिला हेच हवं होतं, आणि आता मिळालं तर तिला ते घ्यायची लाज वाटत होती.

ट्रक आला त्या दिवशी मुलाने सुट्टी घेतली. मेंढ्या फळीवरून वर चढवायला आबांना कोणाची मदत लागली नाही. ते पुढे चढले, जिभेने टॉक टॉक असा आवाज काढला, आणि सगळा कळप त्यांच्यामागे वर गेला. मेंढीवाला बघतच राहिला. तो तरुण होता, बडबड्या आणि मनाने साधा. आबांना पुढे ड्रायव्हरच्या आणि आपल्या मध्ये बसवून तो सगळा रस्ताभर आपल्याकडच्या गवताबद्दल बोलत होता. आबांनी हुं हुं करण्यापलीकडे काही केलं नाही. मध्येच एकदा गाडी थांबवायला लावून ते मागे जाऊन मेंढ्या मोकळ्या उभ्या आहेत ना ते बघून आले.

टेकड्या उतरल्या आणि गवत लागलं. खोटं नव्हतं पोराचं. गुडघ्याएवढं गवत, वाऱ्यावर एका बाजूला वाकणारं, सगळ्या उतारभर पसरलेलं. ट्रकची फळी पडली, मेंढ्या उतरल्या, आणि उतरल्या तशा माना खाली. धावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. नुसता कराकरा गवत तुटल्याचा आवाज यायला लागला. आबांनी तो आवाज किती दिवसांत ऐकला नव्हता. त्यांनी सवयीने टॉक टॉक केलं. एकीनेही मान वर केली नाही. आबांना बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच झालं.

"आबा, तुम्हीही राहा की इथंच," मेंढीवाला म्हणाला. "खरंच सांगतो. खोली आहे, जेवायला घरात आहेच. मला कातरायला कुठे येतंय धड? तुम्ही असलात तर मेंढ्याही सुखात."

आबांनी तोंडावर नाही म्हणावं असं ते नव्हतंच. इथे गवत होतं, कळप होता, आणि मेंढ्यांचा माणूस म्हणून मरता येणार होतं. त्यांनी चपला काढल्या आणि गवतातून चालत जरा पुढे गेले. पायाला गार लागत होतं. उताराच्या निम्म्यावर पावलाला काहीतरी टोचलं.

ते खाली बसले. गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं. वीतभर उंचीचं, चार-सहा पानांचं, तांबूस शेंड्याचं. त्यांनी आजूबाजूचं गवत चाचपून बघितलं. तिथे दुसरं होतं. पलीकडे तिसरं. गवतापेक्षा बुटकी होती म्हणून लांबून दिसत नव्हती, एवढंच.

"पाऊस कसा आहे रे तुमच्याकडे?" बसूनच त्यांनी विचारलं.

"झकास! पूर्वीइतकाच की. फक्त हल्ली एकदम येतो, एकदाच काय तो. बरंय, रोजची चिखलाची कटकट नाही." मेंढीवाला जवळ आला. "काय बघताय? ती झुडपं होय? असू देत. मेंढ्या त्यांना तोंड लावत नाहीत. मोठी झाली की सरपणाला होतील."

ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. त्याला अंधार पडायच्या आत टेकड्या ओलांडायच्या होत्या. आबांनी त्या झुडपाला बुडाशी धरलं, हलवलं, हिसका दिला. ते मुळासकट आलं. मूळ अजून सुतळीएवढंच होतं. त्यांनी ते मेंढीवाल्याच्या हातात दिलं. मग हात झटकले, चपला घातल्या आणि मेंढ्यांकडे एकदा बघून घेतलं. मेंढ्या खात होत्या. हे सगळं पहिल्यापासून पुन्हा बघत बसायचं बळ आपल्यात नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं. शिवाय येत्या आठवड्यात सुनेच्या माहेरून शेळ्या येणार होत्या, आणि शेळीचं दूध कसं काढतात हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

"मी जातो," ते म्हणाले. "पण एक ऐक. शेळ्या घे. थोड्या घे, पण आत्ता घे, आणि कळपाबरोबर रोज इथून फिरव. ही एवढीशी आहेत तोवर शेळ्या शेंडे खाऊन त्यांना वर येऊ देणार नाहीत. एकदा कमरेला लागली की तुझी कुऱ्हाडही त्यांच्याच बाजूची."

मेंढीवाल्याला हसूच आलं. "आबा, तुम्ही सांगताय हे? तुमच्याबद्दल तर मी ऐकलं होतं, शेळी दारात उभी करत नाहीत म्हणून."

"नव्हतोच करत," आबा म्हणाले. "म्हणून तर माझ्या मेंढ्या आज तुझ्या दारात उभ्या आहेत."